शाळेच्या सुट्टीत मुलांसह थीम पार्क: धावपळ न करता कसं जमवायचं?

दुपारची_सावली
नमस्कार मंडळी. शाळेच्या सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरतंय. मुलं ४, ७ आणि १० वर्षांची. मोठी माणसं तीन, त्यात आजींचे गुडघे कुरकुरणारे. चार रात्रींचा मुक्काम आहे आणि तीन दिवसांच्या तिकिटांचा विचार चाललाय. धाकटीची उंची १०१ सेंमी, म्हणजे अगदी काठावर.

जालावरचे आराखडे वाचून धडकी भरते. मिनिटामिनिटाचा हिशोब, पहाटेचा गजर, दोन पाळण्यांच्या मध्ये पाणी प्यायलाही सवड नाही. दुसऱ्या टोकाला ‘काही ठरवू नका, नुसते फिरा’ म्हणणारे आहेत. सुट्टीच्या गर्दीत नुसतं फिरलं तर दिवसभरात तीन पाळणे होतील आणि सगळे एकमेकांवर डाफरतील, अशी शंका आहे. मधला रस्ता सांगा. किती ठरवायचं, किती सोडून द्यायचं? पैसे भरून रांग चुकवायचे पास घ्यावेत का?

तिरकस
पहिला! आता उत्तर: सुट्टी संपल्यावर जा.

दुपारची_सावली
@तिरकस, मग शाळेत काय सांगू, तेही लिहा.

रांगशास्त्री
सकाळचे पहिले दोन तास नीट ठरवा, बाकीचा दिवस मोकळा सोडला तरी चालतो. त्या दोन तासांत कुठे जायचं, इथे मात्र बहुतेकांचं गणित उलटं असतं.

पाळण्याची रांग किती लांब दिसते याला फारसा अर्थ नाही. तासाला किती माणसं बसून उतरतात ते बघायचं. लहान मुलांचा गोल फिरणारा पाळणा घ्या, विमानांचा नाहीतर हत्तींचा. १६ वाहनं, प्रत्येकात दोघं, म्हणजे एका फेरीत ३२ जण. फेरी दीड मिनिटाची, पण मुलांना उचलून बसवणं, पट्टे तपासणं, ‘मला निळाच हत्ती हवा’ हे सगळं धरून चार मिनिटं जातात. तासाला १५ फेऱ्या, म्हणजे ४८० जण. मोठ्या कोस्टरची गाडी २४ जणांची असते आणि मिनिटाला एक सुटली तर तासाला १,४४० जण होतात. सरकत्या पट्ट्यावरून चढायचे डबे न थांबता चालू असतात, ते तासाला दोन हजारांच्या घरात जातात.

आता तुमच्या पुढे २४० माणसं आहेत असं धरा. कोस्टरला १० मिनिटं, हत्तींना अर्धा तास. चार वर्षांच्या पोराला उन्हात अर्धा तास उभं करायचं तर ते हत्तींच्याच रांगेत करावं लागतं, हा या सगळ्यातला विनोद.

म्हणून गेट उघडल्यावर थेट छोट्यांच्या पाळण्यांकडे वळा. त्या वेळी लोंढा नव्या मोठ्या पाळण्याकडे धावत असतो. सरकते डबे, बोटीतली सफर, आगगाडी, नाट्यगृहातले खेळ हे दुपारसाठी राखून ठेवा.

कडेलोट
अजिबात पटलं नाही. दहा वर्षांचं मूल तुमच्याबरोबर आहे हे विसरलात. नव्या कोस्टरला सकाळी वीस मिनिटं आणि दुपारी दीड तास हा फरक तुमच्या भागाकाराने भरून निघत नाही. ताशी १,४४० काय करायचेत, पुढे दोन हजार माणसं उभी असली तर?

रांगशास्त्री
@कडेलोट, मुद्दा बरोबर आहे. म्हणून सगळ्यांनी एकत्र फिरायचा हट्ट सोडायचा. पहिला दीड तास दोन तुकड्या करा. थोरला आणि एक मोठं माणूस कोस्टरकडे, बाकीचे हत्तींकडे. भेटायची जागा सावलीतली ठरवा. ‘मुख्य चौकात’ असं सांगितलंत तर तिथे आणखी चारशे माणसं असतील. ‘आगगाडीच्या फलाटाच्या जिन्याखाली’ असं सांगा.

दोन_फेऱ्या
दोघांनाही पुरणारा उपाय राहिलाच: पालकांची अदलाबदल. ही सोय बऱ्याच मोठ्या पार्कांत आहे आणि निम्म्या लोकांना माहीत नसते. कशी करायची:

सगळं कुटुंब मिळून पाळण्याच्या दाराशी जा आणि रांगेत शिरायच्या आधी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा की एक मूल उंचीत बसत नाही. पहिलं मोठं माणूस थोरल्याला घेऊन नेहमीच्या रांगेने जातं. दुसरं धाकटीबरोबर बाहेर थांबतं. पहिली तुकडी आली की दुसऱ्या माणसाला जवळच्या वाटेने आत सोडतात, पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. त्याच्याबरोबर एकदोघांना जाऊ देतात, त्यामुळे थोरल्याला लागोपाठ दोनदा बसायला मिळतं.

चूक होते ती अशी: लोक आधी रांग लावतात, वर पोचल्यावर विचारतात. तोवर नोंद झालेली नसते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. काही ठिकाणी ही नोंद तिकिटावर होते, काही ठिकाणी चिठ्ठी देतात, काही ठिकाणी वरच एक खोली असते आणि सगळे एकत्र रांगेतून जातात. जायच्या आधी त्या पार्कच्या अ‍ॅपवर बघून ठेवा.

कडेलोट
हे मान्य. शिवाय एकट्या माणसांची वेगळी रांगही असते, उरलेल्या एकेका जागा भरायला. पण तिथे शेजारी बसायला मिळत नाही आणि लहान मुलांना घेत नाहीत. डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कांत निदान सात वर्षं लागतात. सात पूर्ण असलं तरी अनोळखी माणसाशेजारी बसेल का, हे त्या मुलालाच विचारा.

फूटपट्टी
उंचीबद्दल. कुटुंबासाठीच्या कोस्टरना सहसा १०२ सेंमी लागतात, त्यापुढच्यांना ११२, उलटे फिरवणाऱ्यांना बहुधा १२२ किंवा जास्त. हे आकडे विचित्र वाटतात कारण मुळात ते ४०, ४४ आणि ४८ इंच आहेत.

१०१ वाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. माणूस सकाळी जरा उंच असतो. दिवसभर उभं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते. रात्रीच्या झोपेत ती परत येते. बहुतेक ठिकाणी बुटांसह मोजतात. म्हणजे काठावरच्या मुलाचा पाळणा सकाळी उरकावा, रात्री आठला नव्हे. अंबाडा धरत नाहीत, पट्टी डोक्यावर टेकवतात.

बुटात कागद, जाड तळवा असले उद्योग करू नका. पट्ट्याचा आणि मांडीवरच्या दांड्याचा आकार त्या उंचीच्या शरीरासाठी केलेला असतो. मूल लहान असेल तर दांडा मांडीवर नीट बसत नाही आणि ते खालून सरकू शकतं. खरी मेख तिथे आहे, नियमात नाही.

तिरकस
म्हणजे पोरं संध्याकाळी आटतात. तरीच रात्री त्यांना खांद्यावर घ्यावं लागतं.

फूटपट्टी
खांद्यावरची उंची धरत नाहीत.

घोटभर_पाणी
तीन दिवस कसे बसवायचे ते सांगते. पोचल्याच्या दिवशी पार्कमध्ये शिरू नका. प्रवासाने आंबलेली मुलं आणि उरलेला अर्धा दिवस यांत एक अख्खं तिकीट खर्ची पडतं. निघायच्या दिवशीही नको. राहिले मधले तीन. त्यातला मधला दिवस दुपारी चारपर्यंत कोराच ठेवा: उशिरा उठणं, तरणतलाव, लोळणं. चारनंतर फक्त संध्याकाळपुरतं पार्कमध्ये जा, दिवे बघायला.

खरं तर दोन दिवसांचं तिकीट घेऊन मधला दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवला तरी मुलांचं काही बिघडत नाही. मात्र बऱ्याच ठिकाणी दिवस वाढले की प्रत्येक दिवसाचा दर उतरतो, तेव्हा दोन आणि तीन दिवसांच्या तिकिटांतला फरक आधी बघा. आणि तिकीट घेताना ते किती दिवसांच्या आत वापरायचं ते वाचा. काही तिकिटं ठरावीक तारखेपासून लागोपाठच्या दिवसांतच चालतात. मध्ये सुट्टी टाकली आणि मुदत संपली, असं व्हायला नको.

पार्कच्या दिवशीही साडेबाराला बाहेर पडा, साडेचार-पाचला परत या. अकरा ते चार ही वेळ सर्वांत गर्दीची आणि उन्हाची. झोपून उठलेली मुलं रात्री आतषबाजीपर्यंत टिकतात. त्याच दिवशी पुन्हा आत सोडतात का, हातावर शिक्का मारतात की तिकीट दाखवायचं, हे निघताना गेटवर विचारायला विसरू नका.

गणिती_काकू
@घोटभर_पाणी ताई, दुपारी परत जाण्याचा सल्ला सगळे देतात, हिशोब कोणी मांडत नाही. पाळण्यापासून गेटपर्यंत पंधरा मिनिटं, वाहनतळाची बस किंवा चाल पंधरा, मग रस्ता, मग खोली. परत येताना पुन्हा सामानाची तपासणी. हॉटेल अर्ध्या तासावर असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून दोन तास जातात आणि मूल झोपतं पाऊण तास, तेही गाडीत, म्हणजे खोलीत पोचल्यावर जागं! हॉटेल चालत पोचण्याजोगं असेल तरच हा सल्ला.

लांब असेल तर पार्कातच दुपार काढायची. थंडगार, अंधाऱ्या नाट्यगृहातला लांब खेळ, मग आगगाडीची पूर्ण फेरी, मग बसून जेवण. जेवण बारा-एकला नको. अकराला किंवा अडीचला. अ‍ॅपवरून मागवायची सोय असेल तर नाट्यगृहातून बाहेर पडायच्या आधी मागवून ठेवा.

घोटभर_पाणी
हॉटेलच्या अंतराचं खरं आहे. मी जवळचं गृहीत धरलं होतं.

सटकलेला_बटण
पासबद्दल कोणीच बोललं नाही.

रांगशास्त्री
पास घेतल्याने पाळण्याच्या जागा वाढत नाहीत, त्या दुसऱ्याच्या वाटणीतून येतात. वर जिथे दोन वाटा एकत्र येतात तिथे कर्मचारी पासवाल्यांना जास्त सोडतो आणि मधून मधून साध्या रांगेतले थोडे. साधी रांग हलता हलत नाही असं वाटतं ते याच ठिकाणी. डिस्नीने १९९९ साली फुकट वेळ-चिठ्ठ्या सुरू केल्या तेव्हा लोकांना वाटलं रांगा संपल्या. रांगेतली माणसं रस्त्यावर आली एवढंच, आणि रस्ते भरले. २०२१ साली ती सोय बंद करून त्या जागी पैसे भरायची पद्धत आणली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तिन्ही दिवस, सहाही जणांना पास घेऊ नका. धाकटी बसू शकत नाही अशा पाळण्यांसाठी तिचा पास फुकट जातो. एकेका पाळण्याचा सुटा पास मिळत असेल तर सर्वांत मोठ्या रांगेच्या एकाच पाळण्याला घ्या. मिळत नसेल तर एक दिवस, फक्त कोस्टरवाल्या दोघांना. आणि अदलाबदल चालते तिथे थोरल्याला दुसरी फेरी तशीही मिळतेच.

फलकावरची वेळ कशी वाचायची तेही लिहितो. सकाळी लवकर आणि बंद होण्याच्या सुमारास ती बहुधा फुगवलेली असते, लोकांनी दुसरीकडे वळावं म्हणून. स्वतः मोजा: एका गाडीत किती बसतात, दोन गाड्यांमध्ये किती सेकंद जातात, पुढे अंदाजे किती माणसं. गुणाकार-भागाकार सात वर्षांच्या मुलाला द्या. रांगेतली दहा मिनिटं तशीच जातात.

तिरकस
सुट्टीतही गणित. आता त्या मुलाला शाळाच बरी वाटेल.

कानटोपी
चार वर्षांच्या मुलीसाठी काही गोष्टी, ज्या नकाशात नसतात.

स्वच्छतागृहातले आपोआप पाणी सोडणारे संडास. मूल बसलेलं असतानाच धोधो पाणी सुटतं आणि त्यानंतर दिवसभर ते ‘मला नाही लागली’ म्हणतं. मागच्या भिंतीवर एक काळी काचेची टिकली असते, तीच त्याचा डोळा. चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा जवळ ठेवा, एक चिठ्ठी त्या डोळ्यावर लावा, झालं की काढा. हात वाळवायची यंत्रंही तशीच कर्कश्श, म्हणून रुमाल.

दुसरं, अंधार. ‘मुलांसाठी’ लिहिलेल्या कितीतरी सफरी आतून काळ्याकुट्ट असतात आणि मध्येच काहीतरी अंगावर येतं. पाळण्याच्या आतून काढलेले व्हिडिओ जालावर असतात, ते घरीच एकदा दाखवा. काय येणार ते कळलं की निम्मी भीती जाते. बाकीची निम्मी राहिली तर दारापर्यंत जाऊन परत फिरा. रडणाऱ्याला एकदा ओढून बसवलं की उरलेले सगळे पाळणे बाद.

आतषबाजीला कान झाकणारे मुलांचे हेडफोन आणि शक्यतो लांबची जागा. लांबून दिसतंही छान आणि सुटतानाच्या चेंगराचेंगरीत सापडत नाही.

चाकांवर
बाबागाडी न्याच. चार वर्षांची मुलगी घरी गाडीत बसत नसेल, इथे बसेल. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं. पार्कातल्या भाड्याच्या गाड्या बहुतेक कडक प्लॅस्टिकच्या, मागे कलत नाहीत, म्हणजे झोप नाही, आणि गेटबाहेर नेता येत नाहीत. नेमकं गेट ते वाहनतळ या टप्प्यातच मूल पेंगतं. स्वतःची न्यायची तर माप बघा. डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कांत रुंदी ७९ सेंमी आणि लांबी १३२ सेंमीपर्यंत चालते, ओढायच्या गाड्या २०१९ पासून बंद आहेत.

गाडी पाळण्याबाहेर लावली की कर्मचारी ती रांगेत सरकवतात, तेव्हा लावलेल्या जागी सापडेलच असं नाही. दांड्याला भडक रंगाचं फडकं बांधा. पैसे, पासपोर्ट, फोन गाडीत ठेवू नका.

आजींसाठी चाकाची खुर्ची आधीच ठरवा, ‘बघू तिथे गेल्यावर’ नको. गुडघे दुखायला लागल्यावर भाड्याचं दुकान नेमकं पार्कच्या दुसऱ्या टोकाला असतं. सरकत्या पट्ट्यावरून चढायच्या सफरींत तो पट्टा हळू करता येतो किंवा थांबवता येतो, दाराशी तसं सांगायचं. आणि आजींना एकाच ठिकाणी बसवून पिशव्यांची राखण द्यायची हा बेत असेल तर त्यांना आधी विचारा.

आजीची_पिशवी
शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

मळमळ
गरगर फिरणाऱ्या कपांबद्दल. मळमळ होते कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. कपात बसलं की बाहेर बघू नका, मधल्या चाकाकडे किंवा समोरच्याच्या नाकाकडे बघा, ते तुमच्याबरोबरच फिरत असतं. पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांच्या खेळात मात्र डोळे मिटले की आराम पडतो, कारण तिथे सगळा घोळ चित्राचा असतो. गोळी द्यायची तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, आणि पाळण्याच्या अर्धा-एक तास आधी. बसल्यावर देऊन उपयोग नाही. बहुतेक गोळ्यांनी झोप येते. जेवणानंतर लगेच कप नकोत, आणि अगदी रिकाम्या पोटीही नकोत.

सटकलेला_बटण
पाण्याचे पाळणे कधी?

मळमळ
दुपारी बाहेर पडायच्या अगदी आधी. आणि मोजे! ओल्या मोज्यांत तासभर चाललं की टाचेला फोड, आणि पुढचे दोन दिवस त्या फोडाचे. बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रत्येकाचा एक कोरडा जोड ठेवा. नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नका. उन्हाची क्रीम निघायच्या पंधरा मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी, आणि भिजल्यावर लगेच.

वीजबिल
पावसाचं. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे पाळणे बंद होतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर साधारण अर्धा तास तरी उघडत नाहीत. तेव्हा बंद दाराशी थांबू नका, आतल्या खेळांकडे वळा. नुसता पाऊस असेल तर मजा. लोक पळतात, रांगा ओसरतात. छत्री नको, अंगावर घालायचे रेनकोट, बाबागाडीलाही. पार्कात मिळतात, पण ढग आल्यावर त्या दुकानाचीच रांग पाळण्यापेक्षा मोठी होते.

फोनचंही इथेच सांगतो. नकाशा, वेळा, तिकिटं सगळं अ‍ॅपवर, दुपारी तीनला फोन झोपतो. १०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ३७ वॉट-तास भरते. विमानात १०० वॉट-तासांपर्यंत चालते, पण हातातल्या सामानातच.

कानटोपी
हरवण्याबद्दल: रोज सकाळी गेटवर तिन्ही मुलांचा फोटो काढा, त्या दिवसाच्या कपड्यांत. शोधताना ‘टीशर्ट कुठला होता’ हेच आठवत नाही. मनगटाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहा, नाव बाहेरून दिसेल असं नको. ‘पोलिसांना शोध’ हे चार वर्षांच्या मुलाला समजत नाही. ‘छातीवर नावाची पाटी असलेल्या ताईला किंवा दादाला सांग’ हे समजतं. आत शिरल्यावर एकदा बोटाने दाखवून ठेवा.

दुपारची_सावली
एवढं सगळं! वाचनखूण साठवली. असं ठरतंय: हॉटेल चालत पोचण्याजोगं. मधला दिवस कोरा, चारनंतर दिवे. सकाळी दोन तुकड्या, भेट आगगाडीच्या जिन्याखाली. पास एकाच पाळण्याला. आजींना विचारलं, त्यांना पिशव्या राखायच्या नाहीत, बोटीत बसायचंय. मधल्या दिवशी संध्याकाळी मिरवणूक आहे, तीही बघावी का?

रांगशास्त्री
छोट्यांना आवडत असेल तर बघा, पण कुठल्या बाजूला उभे आहात ते बघून. मिरवणूक सुरू झाली की मार्ग दोरीने बंद होतो आणि पलीकडे जाता येत नाही. नंतर ज्या पाळण्याला जायचंय त्याच बाजूला बसा. शेवट नाही, मार्गाची सुरुवात गाठा. तुमच्यापुढून ती लवकर संपते आणि बाकीची जनता अजून तिला बघत असताना छोट्यांच्या पाळण्यांवर रांग नसते.

बंद होण्याच्या वेळेबद्दलही: बऱ्याच पार्कांत त्या मिनिटापर्यंत रांगेत शिरलेल्यांना बसू देतात. थोरल्याचा शेवटचा कोस्टर तेव्हाचा.

फूटपट्टी
आणि धाकटीचं काय झालं?

दुपारची_सावली
सकाळी, बुटांसह: १०३. संध्याकाळी मोजायचं धाडस नाही.

फूटपट्टी
मोजाच. १०२ च्या खाली गेली तर तो पाळणा पहिल्या दिवशी सकाळी, हत्तींच्याही आधी.

मळमळ
मोजाच नको, मोजेही.